चिनी कायदा आणि व्यापारी करार : प्रा. जेरोम कोहेन यांच्या अध्ययनकार्याचा विचार

एखाद्या देशात पाऊल न ठेवता, तेथील न्यायालये न पाहता व तेथील वकिलांशी न बोलता त्या देशाच्या कायद्याचा अभ्यास करता येईल काय? तौलनिक विधिशास्त्राच्या आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न काल्पनिक वाटण्याचा संभव आहे. परंतु १९६० च्या सुमारास चिनी कायद्याकडे वळू पाहणाऱ्या अमेरिकी अभ्यासकापुढे तो अगदी प्रत्यक्ष स्वरूपात उभा होता. चीनचे लोकगणराज्य व अमेरिका यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते आणि अमेरिकी अभ्यासकाला तेथे प्रवेश मिळण्याची आशा नव्हती. शिवाय १९४९ मध्ये पूर्वीच्या राजवटीच्या संहिता रद्द झाल्या होत्या व त्यांच्या जागी नवी दंडसंहिता अद्याप आलेली नव्हती. अशा स्थितीत ज्यांनी हा विषय हाती घेतला व पुढे साठ वर्षांहून अधिक काळ जोपासला, त्या प्रा. जेरोम अॅलन कोहेन यांचे २२ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले.

त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांच्या कार्याचे दोन भाग सहज नजरेत भरतात. एक, चीनमधील फौजदारी प्रक्रियेचा अभ्यास. दुसरा, चीनशी होणाऱ्या परदेशी व्यवहारांचा, म्हणजे व्यापारी कायद्याचा. पहिला भाग मानवी हक्कांच्या प्रांतातला व दुसरा नफ्यातोट्याच्या प्रांतातला, अशी वाटणी करून आपण हे दोन विषय सामान्यतः वेगवेगळ्या वर्गांत शिकवितो. कोहेन यांच्या कार्याकडे पाहिले असता ही वाटणी टिकत नाही. लिहून ठेवलेला नियम तो लिहिणाऱ्या सत्तेलाही बांधतो काय, हा एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी उभा राहतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाचा आरंभ

कोहेन यांचा जन्म १९३० चा, न्यू जर्सी राज्यातला. येल विद्यापीठात त्यांचे कायद्याचे शिक्षण झाले. त्यानंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन व न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे विधिसहायक म्हणून त्यांनी काम केले आणि १९५९ मध्ये ते बर्कली येथील विधिमहाविद्यालयात अध्यापक झाले. अशा तरुणापुढे अमेरिकी कायद्यातील मळलेला व मानाचा मार्ग मोकळा होता. १९६० मध्ये चिनी कायद्याच्या अभ्यासासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानने चार वर्षांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा योग्य माणूस शोधण्याचे काम कोहेन यांच्याकडे आले. इतर कोणी तयार होईना. अखेर त्यांनी स्वतःच ते स्वीकारले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी चिनी भाषेच्या पहिल्या धड्यापासून प्रारंभ केला.

हा निर्णय त्या काळी अनेकांना अविचाराचा वाटला, आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते. ज्या देशात वकिलीचा व्यवसाय १९५७ च्या उजव्या विचारांविरुद्धच्या मोहिमेनंतर जवळजवळ संपुष्टात आला होता आणि ज्या देशाचे न्यायमंत्रालयच १९५९ मध्ये बंद करण्यात आले होते, तेथे अभ्यासण्याजोगा कायदा आहे तरी काय, असा आक्षेप घेतला जाई. या आक्षेपाच्या मुळाशी कायदा म्हणजे संहिता, न्यायाधीश व वकील हे समीकरण आहे. कोहेन यांनी तो प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. सत्तर कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या समाजात तंटे होतच असणार व अपराधही घडतच असणार. त्यांचा निकाल कोण, कोणत्या पायरीने व कोणाच्या संमतीने लावतो, हे शोधणे म्हणजेच त्या समाजाचा कायदा शोधणे होय.

हाँगकाँगमधील साक्षी

चीनमध्ये जाता येत नव्हते, पण चीनमधून बाहेर पडलेली माणसे हाँगकाँगमध्ये होती. १९६३-६४ हे वर्ष कोहेन यांनी तेथे घालविले आणि मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. या साधनाच्या मर्यादा उघड आहेत. देश सोडून आलेला माणूस बहुधा असंतुष्ट असतो. त्याची स्मृती त्याला फसवू शकते, आणि ऐकणाऱ्याला काय आवडेल याचा अंदाजही तो घेत असतो. म्हणून अशा मुलाखतींत साक्षीदाराच्या मतापेक्षा घटनेचा तपशील महत्त्वाचा ठरतो. अटकेचा कागद दाखविला काय, तो कोणत्या कार्यालयाचा होता, किती दिवसांनी चौकशी झाली, घरच्यांना केव्हा कळले, शिक्षा कोणी सांगितली, असे प्रश्न विचारावे लागतात. मिळालेले उत्तर दुसऱ्या साक्षीशी व उपलब्ध छापील नियमांशी ताडून पाहावे लागते.

या परिश्रमाचे फळ म्हणजे १९४९ ते १९६३ या काळातील चीनच्या फौजदारी प्रक्रियेवरील त्यांचा ग्रंथ. तो हार्वर्ड विद्यापीठाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसणारे चित्र अराजकाचे नव्हते, तसेच ते आपल्याला परिचित असलेल्या न्यायप्रक्रियेचेही नव्हते. अटक व स्थानबद्धतेविषयी १९५४ चा कायदा होता. किरकोळ अपराधांबद्दल पोलिसांना स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता यावी असे १९५७ चे नियम होते. त्याच वर्षापासून श्रमाद्वारे पुनर्शिक्षण या नावाची, न्यायालयाचा निर्णय नसतानाही दीर्घकाळ डांबून ठेवण्याची पद्धत अस्तित्वात होती. शेजारपाजारच्या तंट्यांसाठी लोकमध्यस्थ समित्या होत्या व त्यांचे नियम १९५४ मध्ये झाले होते. म्हणजे नियम होते, पायऱ्या होत्या, कागदपत्रेही होती. नव्हती ती एक गोष्ट : पायरी चुकविणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारील असे स्वतंत्र स्थान.

१९६४ मध्ये कोहेन हार्वर्डला गेले. तेथे पूर्व आशियाई विधिअध्ययनाचा जो कार्यक्रम त्यांनी उभारला, त्यातून या विषयाचे अभ्यासक पिढ्यान् पिढ्या तयार झाले. १९७२ मध्ये त्यांना प्रथम चीनमध्ये जाता आले व पंतप्रधान चौ एन-लाय यांची भेटही झाली. तरी चिनी कायद्याचे प्रत्यक्ष दार उघडावयास आणखी सात वर्षे जावी लागली. आणि ते उघडले ते व्यापाराने.

पंधरा कलमांचा कायदा

१ जुलै १९७९ रोजी चीनच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसने सात कायदे संमत केले. त्यांत लोकगणराज्याची पहिली दंडसंहिता होती, पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता होती आणि चिनी व परदेशी भांडवलाच्या संयुक्त उपक्रमांविषयीचा कायदाही होता. या तीन गोष्टी एकाच दिवशी व्हाव्यात हा केवळ योगायोग मानता येणार नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ज्यांनी स्वतः बेकायदा छळ सोसला, तेच आता सत्तेवर आले होते. त्यांना नागरिकासाठी काही निश्चिती हवी होती. परदेशी भांडवलदाराला बोलवावयाचे तर त्यालाही निश्चिती देणे प्राप्त होते.

संयुक्त उपक्रमांचा हा कायदा अवघ्या पंधरा कलमांचा होता. परदेशी भागीदाराचा हिस्सा सामान्यतः २५ टक्क्यांहून कमी नसावा, संचालक मंडळाचा अध्यक्ष चिनी पक्षाने नेमावा, परदेशी भागीदाराला आपला नफा बाहेर नेता यावा, वाद झाल्यास प्रथम मंडळात विचारविनिमय व्हावा आणि तो निष्फळ ठरल्यास मध्यस्थी किंवा लवाद यांचा आश्रय घ्यावा, अशी त्याची ठळक सूत्रे होती. परंतु कर किती, कामगाराला काढता येईल काय, जमीन कोणत्या हक्काने मिळेल, नफा परकीय चलनात बदलून कोण देईल, यांची पुरेशी उत्तरे त्या पंधरा कलमांत नव्हती. आयकराचा कायदा सप्टेंबर १९८० मध्ये आला. सविस्तर अंमलबजावणीचे नियम यावयास सप्टेंबर १९८३ उजाडले. मधल्या काळात करार करावयाचे ते कशाच्या आधारावर?

नेमक्या या पोकळीत कोहेन यांचे दुसरे कार्य सुरू झाले. १९७९ मध्ये ते बीजिंगमध्ये राहावयास गेले. तेथील आर्थिक विभागाच्या अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारी कायदा शिकवावा आणि त्या बदल्यात तेथे राहून परदेशी उद्योगसंस्थांना सल्ला द्यावा, अशी ती व्यवस्था होती. करार म्हणजे काय, कर कसा आकारतात, लवाद कसा चालतो, हे विषय त्यांनी चिनी अधिकाऱ्यांना शिकविले. निर्वासितांच्या तोंडून ज्या शासनयंत्रणेचे वर्णन त्यांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी टिपले होते, तिचीच माणसे आता त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसली होती. १९८१ मध्ये ते न्यूयॉर्कमधील पॉल, वाइस या वकील-संस्थेत गेले व २००० पर्यंत तेथे काम करीत राहिले. त्या काळातच, १९९० पासून, न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांचे अध्यापन सुरू झाले होते.

करार आणि मान्यता

व्यापारी कायद्याच्या विद्यार्थ्याने येथे एक मुद्दा बारकाईने पाहावा. आपल्या परिचयाच्या विचारसरणीत करार हा दोन पक्षांच्या संमतीने पूर्ण होतो. राज्यसंस्था पुढे येते ती करार मोडला गेल्यावर, न्यायालयाच्या रूपाने. चीनमधील संयुक्त उपक्रमाच्या करारात मात्र राज्यसंस्था आरंभापासूनच उपस्थित असे. पक्षांनी सह्या केल्या तरी शासकीय मान्यता मिळेपर्यंत तो करार अमलात येत नसे. चिनी पक्ष ही बहुधा सरकारी उद्योगसंस्था असे, मान्यता देणारे कार्यालय सरकारी असे, आणि वाद झाल्यास ज्याच्या आधारे निर्णय व्हावयाचा तो कायदाही चिनीच असावा, असा दंडक होता. १९८० च्या तात्पुरत्या नियमांनुसार चिनी वकील हासुद्धा राज्याचा विधिसेवक गणला जाई.

तेव्हा परदेशी व्यापाऱ्याचा वकील वाटाघाटींत एकेका शब्दासाठी का झगडत असे, हे ध्यानात येईल. जी निश्चिती न्यायालयाकडून मिळण्याची शाश्वती नव्हती ती कराराच्या मसुद्यातच बांधून घेण्याचा तो प्रयत्न होता. लवाद चीनबाहेर, म्हणजे स्टॉकहोमसारख्या ठिकाणी, व्हावा असा आग्रह धरण्यामागेही हेच कारण होते.

या दबावाचा परिणाम कायद्यावर झाला, हे नाकारता येत नाही. १९८१ मध्ये देशांतर्गत आर्थिक करारांचा कायदा झाला, १९८५ मध्ये परदेशी पक्षांशी होणाऱ्या करारांचा आणि १९८७ मध्ये तंत्रविषयक करारांचा. १९८६ मध्ये नागरी कायद्याची सामान्य तत्त्वे संमत झाली. संयुक्त उपक्रमांच्या कायद्यात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन परदेशी व्यक्तीला अध्यक्ष होण्याची वाट मोकळी झाली. तिन्ही करारकायद्यांचे एकीकरण १९९९ मध्ये झाले, आणि २०२० मध्ये १,२६० कलमांची नागरी संहिता संमत होऊन १ जानेवारी २०२१ पासून अमलात आली. पंधरा कलमांचा तो मूळ कायदाही आता उरलेला नाही; त्याची जागा १ जानेवारी २०२० पासून परदेशी गुंतवणुकीच्या नव्या कायद्याने घेतली आहे. चाळीस वर्षांतील ही वाढ कोणत्याही मापाने मोठी आहे.

व्यवहार आणि अटक

येथपर्यंत पाहणाऱ्याला वाटेल की व्यापाराने जे दार उघडले त्यातून इतर सर्व न्याय आपोआप आत येईल. १९८० नंतरच्या काळात अनेक जाणत्या माणसांची तशी श्रद्धा होती. करार पाळावयाची सवय लागली की राज्यसंस्थेला स्वतःचे नियम पाळण्याचीही सवय लागेल, असा तो तर्क होता. तो सर्वस्वी खोटा ठरला असे नाही. १९८९ मध्ये शासकीय निर्णयाविरुद्ध नागरिकाला दावा लावण्याचा कायदा झाला, १९९६ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता सुधारली गेली, आणि श्रमाद्वारे पुनर्शिक्षणाची पद्धत २०१३ च्या अखेरीस रद्द झाली. परंतु जुलै २०१५ मध्ये हक्कांचे खटले चालविणाऱ्या वकिलांचीच मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

दोन्ही प्रांत एकमेकांत कसे मिसळतात हे एका प्रकरणावरून स्पष्ट होईल. चीनमध्ये जन्मलेला व अमेरिकी नागरिक झालेला एक भूगर्भशास्त्रज्ञ एका परदेशी सल्लागार संस्थेसाठी काम करीत होता. चीनमधील तेलविहिरींच्या माहितीचा एक संग्रह त्याने व्यवहार म्हणून मिळविला. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याला ताब्यात घेण्यात आले. ती माहिती राज्याचे गुपित असल्याचे व्यवहार झाल्यानंतर ठरविण्यात आले. जुलै २००९ मध्ये सुनावणी संपली, पण निकाल लागला तो जुलै २०१० मध्ये, आणि आठ वर्षांची शिक्षा झाली. निकालासाठी चीनच्याच प्रक्रिया संहितेने घालून दिलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. कोहेन यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला. या व्यवहारात व्यापारी वकिलाने कितीही दक्षतेने कलमे लिहिली असती तरी त्यांचा उपयोग झाला नसता. ज्या वस्तूची खरेदी वैध समजून केली तिला मागाहून गुपित ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे करारनामा आणि अटकेचा कागद यांत फारसे अंतर उरत नाही. हाँगकाँगमध्ये १९६३ साली विचारलेलाच प्रश्न येथे पुन्हा पुढे आला : पायरी चुकली तर जाब कोणी विचारावयाचा?

अध्यापकाचे उत्तरदायित्व

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळले पाहिजे. ज्या देशाचा कायदा आपण अभ्यासतो त्या देशात प्रवेश मिळणे हे तेथील शासनाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर अभ्यासकाने किती बोलावे? वकिलाला पक्षकाराचे हित जपावयाचे असते, आणि त्यासाठी अधिकाऱ्यांशी सलोखा लागतो. अभ्यासकाला सत्य सांगावयाचे असते, आणि त्यात सलोखा जाण्याचा धोका असतो. एकाच माणसाने दोन्ही भूमिका घेतल्या म्हणजे हा ताण सुटत नाही, तो केवळ त्याच्या अंगी येतो. व्यापारी वकिलीच्या वर्षांत कोहेन यांचा चीनमध्ये सहज वावर होता. २००० नंतर, जेव्हा पक्षकारांचे बंधन उरले नव्हते, तेव्हा त्यांच्या लेखनात चीनमधील अटकांची व खटल्यांची सडेतोड चिकित्सा दिसते. अंध कार्यकर्ते छन ग्वांगछंग २०१२ मध्ये नजरकैदेतून निसटून अमेरिकेत आले, ते न्यूयॉर्क विद्यापीठात आले यामागे कोहेन यांचा मोठा भाग होता. या क्रमावरून कोणी असेही म्हणू शकेल की बोलणे उशिरा आले. या आक्षेपात तथ्य आहे काय हे प्रत्येक वाचकाने त्यांच्या लेखनाच्या तारखा पाहून ठरवावे. मात्र एवढे खरे की, चीनव्यतिरिक्त इतर राजवटींबाबत ते पूर्वीपासूनच मौन नव्हते. १९७३ मध्ये दक्षिण कोरियाचे विरोधी पक्षनेते किम दे-जुंग यांचे अपहरण झाले असता त्यांच्या सुटकेसाठी, आणि तैवानमध्ये तुरुंगात असलेल्या आपल्या विद्यार्थिनी अॅनेट लू यांच्यासाठी १९८५ मध्ये, त्यांनी खटपट केली होती. पुढे त्या तैवानच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या कार्याचा एक भाग विशेष लक्षणीय आहे. चीनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातील आचरणाविषयी कोहेन यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७२ मध्ये निघाला. त्यात शाओ-छुआन लंग यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले एक प्रकरण आपल्याच देशाविषयी आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतात राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, आणि त्यावरून दोन्ही सरकारांत जो वाद झाला त्याची ती चिकित्सा आहे. चिनी कायद्याला जी कसोटी लावावयाची तीच भारतीय कृतीलाही लावलेली आपल्याला तेथे दिसते. परकीयाच्या कायद्याचे दोष दाखविणे सोपे असते. त्याच मापाने घरचा व्यवहार मोजून घेणे अवघड जाते. तौलनिक अभ्यासाला अर्थ येतो तो मात्र या दुसऱ्या गोष्टीमुळे.

महाराष्ट्रात चिनी ग्रंथांच्या अध्ययनाची परंपरा नाही असे नाही. प्रा. पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने केलेले, बौद्ध विनयाच्या एका चिनी टीकाग्रंथाचे भाषांतर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केले. विनय म्हणजे भिक्षुसंघाचे नियमशास्त्रच. म्हणजे चिनी भाषेतून नियमग्रंथ वाचण्याची शिस्त येथे अनोळखी नाही. तिचा रोख आधुनिक कायद्याकडे वळविणे बाकी आहे. भारताचा चीनशी असलेला मोठा व्यापार व सीमेवरचा न मिटलेला वाद लक्षात घेता, या कामाची गरज वेगळी सांगावयास नको.

या कामासाठी कोहेन यांच्या जीवनक्रमातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, भाषा, ती तिसाव्या वर्षीही शिकता येते. दुसरी, साधनांची लाज न बाळगणे. ग्रंथालय बंद असेल तर माणसांना विचारावे आणि त्यांचे म्हणणे ताडून पाहावे. तिसरी, आणि या लेखाचा मुख्य विषय असलेली, अशी की व्यापारी कायद्याच्या विद्यार्थ्याने त्या देशाची फौजदारी प्रक्रिया वाचलीच पाहिजे व फौजदारी प्रक्रियेच्या विद्यार्थ्याने तेथील करार. कोहेन यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हा विषय निवडू इच्छिणाऱ्याने ते अवश्य वाचावे. आणि त्याच्या जोडीला १९६८ चा तो पहिला ग्रंथही ग्रंथालयातून काढून घ्यावा.